वरातीच्या मोटारीचं अस्तर

आमच्या घरात हल्ली एक गोष्ट सांगतात. लग्नकार्याला माणसं जमली की कुणीतरी नव्या सुनेला सांगतं, ह्यांच्या सासूबाईंनी ह्यांना शिवणाच्या मशीनवर बसवलं, त्या काळात इतक्या पुढारलेल्या विचारांची सासू मिळायला नशीब लागतं. मी समोर बसलेली असते. मला ऐकू कमी येतं असा सगळ्यांचा समज आहे, म्हणून माझ्या तोंडावर सांगतात. ही गोष्ट खोटी आहे. मला मशीनवर कुणी बसवलं नाही. मी बसले आणि उठले नाही. ते कसं झालं ते लिहून ठेवते. शाळा चौथीपर्यंत झाली आहे, तेव्हा लिहिणं साधंच असणार.

स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. मी लग्न होऊन मालवणाकडून घाटकोपरला आले. नवरा कुशनवाला होता, म्हणजे मोटारींच्या गाद्या, सीटा, टप शिवणारा. आग्रा रोडच्या कडेला पत्र्याची शेड, शेडच्या मागे गोणपाटाचा पडदा आणि पडद्यामागे आमची एक खोली. खोलीत आम्ही तिघं, नवरा, सासूबाई आणि मी. सासरे वारले होते. त्यांनी घेतलेलं मशीन शेडमध्ये होतं, पायाचं, काळं, वर सोनेरी वेलबुट्टी. सासूबाई रोज सकाळी त्याला हळदकुंकू वाहायच्या. घरात देव्हारा होता, पण मशीनची पूजा आधी. माझी त्याला ना नाही. ज्याच्यावर घर चालतं त्याला हात जोडले तर कुणाचं काय बिघडतं.

मी पहिल्या वर्षी टाके उसवायचं काम केलं. मग नवऱ्याने सरळ शिवण मारायला दिली. मग सीटच्या कडेची गोठ, म्हणजे काठाची पट्टी. सासूबाईंना ते पसंत नव्हतं, पण कामाला दुसरा हात नव्हता. त्यांनी अटी घातल्या. आंघोळ केल्याशिवाय मशीनला शिवायचं नाही. बाहेरून आलेलं, परक्यांनी वापरलेलं कापड धुतल्याशिवाय मशीनवर घ्यायचं नाही. आणि महिन्याचे चार दिवस शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही. त्या दिवसांत मी खोलीत दाराजवळ गोणपाटावर बसायची, ताट वेगळं, तांब्या वेगळा. सगळ्यांच्या घरात तेच होतं, त्यामुळे त्यात काही विशेष आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. कंटाळा मात्र यायचा. पडद्यापलीकडून मशीनचा आवाज यायचा आणि नवरा शिवण वाकडी मारतोय हे मला आवाजावरून कळायचं.

तुळशीचं लग्न जवळ आलं होतं तेव्हा ती मोटार आली. लांब, मलईच्या रंगाची, टप मागे पाडता येणारी. तिचा मालक घाटकोपरचाच शेठ होता. मोटार वरातीला भाड्याने द्यायचा. फुलं लावलेली उघडी मोटार, मागच्या सीटवर नवरानवरी, पुढे बँड. त्या वेळी भांडुप, मुलुंडपर्यंत अशी मोटार कुणाकडे नव्हती, निदान शेठ तसं सांगायचा. त्याच्याकडे आणखी दोन बंद मोटारी होत्या, त्यांच्याही गाद्या गेलेल्या होत्या.

शेठची तक्रार टपाच्या आतल्या बाजूची होती. ज्यांनी अशी मोटार बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते. टप म्हणजे टांग्याला असतं तसंच कापडी छत, मोठं. लोखंडाच्या कमानी, त्यावर बाहेरून जाड कॅनव्हास आणि आतून मऊ लोकरी बनातीचं अस्तर. टप मागे पाडला की सगळं घडी होऊन सीटमागे बसतं. वर ओढला की पुढच्या काचेच्या चौकटीला कड्या लावायच्या. बाहेरचा कॅनव्हास ठीक होता. आतलं अस्तर मात्र घड्यांवर विरलं होतं, कसर लागली होती, कडेची गोठ लोंबत होती. वरात संपली की दव पडायला लागतं म्हणून टप वर करून नवरानवरीला घरी सोडायचे. मागच्या हंगामात एका नवरीच्या नथीत नि केसांत त्या अस्तराचा भुसा पडला आणि तिच्या मामाने शेठला चारचौघांत सुनावलं. आता हंगामातली पहिली वरात मुलुंडला होती. शेठ म्हणाला, तेवढ्यात अस्तर नवीन करून द्या, नीट झालं तर बाकीच्या दोन्ही मोटारी तुमच्याकडेच. बनात त्याने स्वतः आणून दिली, करड्या रंगाची, बाहेरदेशची, मोजून मापून. म्हणाला, असलं कापड आता मिळत नाही, जपून कापा.

आमच्या दृष्टीने ती मोटार म्हणजे शेवटचं काम होतं. शेडमध्ये काम येत नव्हतं. सासूबाईंनी ठरवून ठेवलं होतं. शेड सोडायची, मशीन विकायचं, मुलाने मामाच्या ओळखीने गिरणीत लागायचं, आणि आम्ही दोघी बायका गावाला. नवऱ्याने मान डोलावली होती. मला कुणी विचारलं नव्हतं. गावाला म्हणजे दीर-जावांच्या घरात, नवरा वर्षातून एकदा चतुर्थीला येणार, आणि मी त्याच्या येण्याकडे डोळे लावून कुळीथ निवडत बसणार. माझ्या आईचं आयुष्य तसंच गेलं. मला गावाला जायचं नव्हतं. मला शिवायचं होतं. एवढंच होतं, पण तेवढं मला पक्कं माहीत होतं.

नवऱ्याने जुनं अस्तर उतरवायला घेतलं. अस्तर लाकडी पट्टीला बारीक चुकांनी, म्हणजे छोट्या खिळ्यांनी, ठोकलेलं असतं आणि चुका झाकायला वरून गोठ. एक गंजलेली चूक त्याच्या उजव्या अंगठ्याच्या नखाखाली गेली. दुसऱ्या दिवशी अंगठा लिंबाएवढा. मग खरोखरच त्यावर लिंबू बसवलं, टोपी घातल्यासारखं, तरी ठणका जाईना, वर ताप भरला. कातर धरणं शक्यच नव्हतं. तेव्हा उरलेलं अस्तर मी उतरवलं.

आमच्या कामात नवं अस्तर मापं घेऊन कापत नाहीत. जुनं उसवायचं, त्याचे तुकडे नव्या कापडावर पसरायचे, खडूने रेघ मारायची, शिवणीपुरती माया सोडायची आणि कापायचं. जुना तुकडा हेच माप. मी तुकडे उसवून ठेवले. सासूबाईंनी ते बघितले. इतक्या नवरानवरींची, इतक्या परक्यांची डोकी लागलेलं, कसर लागलेलं कापड मशीनजवळ न्यायचं नाही, म्हणाल्या. त्यांनी ते सोडा घालून उकळत्या पाण्यात बुडवलं, दगडावर आपटलं आणि दोरीवर टाकलं. धुतलेलं स्वच्छ दिसत होतं. मलाही बरंच वाटलं.

लोकर उकळत्या पाण्यात आटते. मी कोकणातली, आमच्याकडे घोंगडीसुद्धा नसते, लोकर कुणी धुतलेली बघितली असेल तर शपथ. सासूबाईंनाही ते ठाऊक नव्हतं. नवऱ्याला ठाऊक होतं, पण तो तापात पडला होता आणि दोरीवर काय वाळतंय ते त्याने बघितलं नाही. वाळल्यावर तुकडे जरा जाड लागत होते. मला वाटलं, मळ निघाला म्हणून.

त्या आटलेल्या तुकड्यांवरून मी शेठची बनात कापली. शिवली. शिवण सुरेख आली होती, आजही सांगते. मग अस्तर टपाला लावायला घेतलं. नवरा ताप उतरून उठला होता, डाव्या हाताने कमान धरून उभा राहिला. मी मोटारीत सीटवर उभी राहून, चुका तोंडात धरून, एकेक काढून ठोकत होते. कुशनवाले तसंच करतात, एक हात कापड ताणायला, एक हातोडीला, तर चुका ठेवणार कुठे. शेड रस्त्याला उघडी. येणारेजाणारे थांबून बघायचे. एकाने विचारलं, काय वैनी, ड्रायव्हर होणार काय? माझं तोंड चुकांनी भरलेलं. मी हातोडी दाखवली. तो गेला.

मागून पुढे ठोकत आले आणि पुढच्या पट्टीपाशी कापड पोचेना. रुंदीला मायेत भागलं होतं, लांबीला चार बोटं कमी. ओढलं तर कमान उचलली जाई आणि टप पुढच्या काचेला टेकेना. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मग दोरीकडे. दोरीवर जुन्या अस्तराचा एक तुकडा अजून होता. तो जाऊन त्याने हातात चुरगळून बघितला आणि विचारलं, हे धुतलं कुणी?

ती संध्याकाळ वाईट गेली. ओरडलं कुणीच नाही. सासूबाई म्हणाल्या, मोटारवाल्याचं कापड नासलं, आता तोंड दाखवायला जागा नाही, उद्याच मामाकडे जाऊन ये. नवरा हो म्हणाला. त्यांनी ट्रंक खाली काढली आणि माझी लुगडी त्यात भरायला लागल्या. माझी, त्यांची नाही. सोडा कुणी घातला हे कुणीच बोललं नाही. मीही बोलले नाही. भांडून कापड चार बोटं वाढणार नव्हतं. मी रॉकेलची चिमणी घेऊन शेडमध्ये गेले आणि अस्तराकडे बघत बसले.

अस्तर जिथे विरतं ती जागा ठरलेली असते, दोन कमानींच्या वर, जिथे घडी पडते तिथे. उरलेल्या ठिकाणी जुनं कापडसुद्धा धडधाकट होतं. मग विचार केला, नव्या अस्तराला नेमकं त्या दोन घड्यांवर कापायचं आणि मधे दोन-दोन बोटं रुंद पट्टा घालायचा. बनात शिल्लक नव्हती. पण आधीच्या टपांच्या कामातले काळ्या कॅनव्हासचे तुकडे शेडमध्ये पडून होते. करड्या अस्तराला काळे पट्टे. दिसायला वेगळं, पण लांबी भरत होती, आणि विरायच्या जागी उलट जाड कापड येत होतं. मी नवऱ्याला बोलावून दाखवलं. त्याने डाव्या हाताने कॅनव्हास चाचपला. मग म्हणाला, सुई मोडेल. मी म्हटलं, मोडली तर दुसरी घालू. मामाकडे जायचं त्याने एक दिवस पुढे ढकललं. तेवढं त्याच्या हातात होतं, ते त्याने केलं.

सकाळी उठले तर मी बाहेरची झाले होते.

बायकांना सांगायला नको, पुरुषांसाठी लिहिते. दोनच रस्ते होते. दाराशी गोणपाटावर बसायचं, चार दिवस. तोवर वरात निघून जाणार, शेठ मोटार घेऊन जाणार आणि मी ट्रंकेमागून गावाला. किंवा मशीनवर बसायचं. कुणाला सांगितलं नसतं तर कळलंही नसतं, असं पुढे मला एका शेजारणीने सांगितलं. एका खोलीत राहणाऱ्या सासूला कळत नाही असं समजणारी बाई एका खोलीत राहिलेली नसते.

मी आंघोळ केली आणि पडदा बाजूला करून शेडमध्ये गेले. सासूबाई मशीनला कुंकू लावत होत्या. त्या मागे वळल्या.

"खय चल्लंस? तू भायर आसस."

मी म्हटलं, "आसंय. तुमची पूजा झाली काय? माका मशीन होया."

"त्या मोटारीत नवरो-नवरी बसतले. कळता मा तुका?"

"कळता. म्हणानच शिवतंय."

त्या मशीनपुढे उभ्या राहिल्या. लहानखुऱ्या होत्या, पण बाजूला सारण्यासारख्या नव्हत्या. मग मी बोलले ते असं, की एकदा तुमचं सोवळं पाळलं आणि कापड आटलं, आता दुसऱ्यांदा पाळलं तर संसार आटेल. त्या दिवसापर्यंत सोड्याचं नाव मी काढलं नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांना ते आदल्या संध्याकाळीच कळलं होतं, फक्त कुणी म्हणालं नव्हतं. पण हटल्या नाहीत. मुलाला हाक मारून म्हणाल्या, हिला सांग.

नवरा दाराशी होता, अंगठ्यावर लिंबू. आमचे हे बोलायला कधीच पुढे नव्हते. सगळ्या आयुष्यात आईच्या विरुद्ध बोललेलं मी एकदाच ऐकलं, ते हे.

"आये, अंगठो माझो पिकलो. तिचो नाय."

सासूबाई बाजूला झाल्या. जाताना म्हणाल्या, "मी सांगतलंय शेटीक. खोटा काम मी आमच्या दारातसून जावक देवचंय नाय." सांगतील यात मला शंका नव्हती. त्या शब्दाच्या पक्क्या होत्या.

मी शिवायला बसले. दुमडलेली बनात आणि तिच्यावर कॅनव्हास, पायाने मशीन ओढेना. मग चाक हाताने फिरवायचं, एक टाका, दुसरा टाका. सुया मोडल्या. कॅनव्हासवर मेण घासलं तेव्हा सुई जरा सरकायला लागली. कंबर दुखत होती, पोटात कळा येत होत्या, त्या दिवसांत त्या कुणालाही येतात. मशीनला काही झालं नाही. मी लक्ष ठेवून होते, खोटं कशाला बोलू. थोडी भीती मलाही होती. लहानपणापासून कानांत भरलेलं एका सकाळीत निघत नाही. सुई मोडली की वाटायचं, हे त्याचंच. मग दिसायचं की सुई कॅनव्हासच्या गाठीवर मोडली आहे, आणि मी दुसरी घालायची.

सासूबाईंनी त्या दिवसांत माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. ते तसंही घेतलं नसतं. पण शेडमध्ये येऊन बसायच्या, पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून. राखण करत होत्या की कान देऊन होत्या देव जाणे.

अस्तर पुन्हा टपाला चढवलं. पट्टे बरोबर कमानींवर बसले. कडेला गोठ मारली. नवऱ्याने आणि मी दोन बाजूंनी टप वर ओढला, कड्या लावल्या, लागल्या. मागे पाडला, घडी बसली. पुन्हा वर केला. तो आत बसून वर बघत राहिला आणि म्हणाला, शेठ काय म्हणेल ह्या पट्ट्यांना. मला पट्ट्यांची काळजी नव्हती.

वरातीच्या आदल्या दिवशी दुपारी शेठ आला. मी शेडमध्येच होते, अजून चार दिवस पुरे झाले नव्हते. त्याने टप वर केला, खाली केला, आत डोकं घालून बघितलं आणि विचारलं, हे काळं काय आहे. नवरा सांगायला लागला. एवढ्यात पडदा हलला. सासूबाई बाहेर आल्या, पदर डोक्यावर घेऊन, मोठं काही सांगायचं असलं की घेत तसा. मला दिसलं, आता त्या बोलणार. त्यांच्या तोंडून गेलं असतं तर मी चोर ठरले असते. मी चोरी केली नव्हती.

म्हणून मीच बोलले. "शेठजी, तुमचं कापड आमच्या हातून कमी पडलं, म्हणून पट्टे घातले. जिथे विरतं तिथेच घातलेत, तुमचं नुकसान नाही. दुसरं, हे सगळं मी शिवलंय, आणि माझ्या बाहेरच्या दिवसांत शिवलंय. आत्ताही मी बाहेरचीच आहे. चालत नसेल तर सांगा, आत्ता उसवून देते."

असं कुणी परक्या पुरुषासमोर बोलत नसे. नवऱ्याने खाली बघितलं. शेठचे कान लाल झाले. त्याने मोटारीकडे बघितलं, मग रस्त्याकडे, मग पुन्हा मोटारीकडे. तो काय विचार करत होता ते मला स्पष्ट दिसत होतं. उद्या मुलुंडला वरात, फुलवाल्याला सांगून झालेलं, आणि उसवलं तर कमानी उघड्या.

शेवटी तो म्हणाला, "बाई, मला कशाला सांगते? वरातीत टप तर खाली असते."

सासूबाई तिथेच थांबल्या. त्यांना बोलायला काही उरलंच नव्हतं. सांगायचं ते सांगून झालं होतं, फक्त त्यांनी सांगितलं नव्हतं. शेठ मोटारीत बसला, आणि निघताना नवऱ्याला हळूच म्हणाला, घरातल्यांना सांगा, मुलुंडमध्ये कोणाला बोलू नका. पुढच्या आठवड्यात त्याने दुसरी मोटार आणून उभी केली. कामाच्या खुणा तो नवऱ्यालाच सांगायचा. माझ्याशी त्यानंतर कधी एक शब्द बोलला नाही आणि काम दुसरीकडे कधी दिलं नाही.

नवरा गिरणीत गेला नाही. ट्रंक वर गेली, माझी लुगडी मी काढून दांडीवर टाकली. पुढच्या महिन्यात माझे दिवस आले तेव्हा मी आंघोळ करून मशीनवर बसले. मी उठल्यावर सासूबाईंनी मशीनवर गोमूत्र शिंपडलं. त्याच्या पुढच्या महिन्यातही शिंपडलं. गोमूत्राने लोखंड गंजतं, म्हणून मी मागाहून पुसून तेल घालायची. असं त्यांच्या शेवटापर्यंत चाललं. त्यांनी मला माफ केलं असं मला वाटत नाही, आणि मी माफी मागितलीही नव्हती. आजारपणात मी त्यांचं सगळं केलं. त्यांनी करून घेतलं. चार दिवसांत मात्र भिंतीकडे तोंड करून पडायच्या आणि शेजारणीच्या हातचं पाणी प्यायच्या. आपल्या मताची बाई होती. ती पुढारलेली होती असं सांगून तिचं तेवढंही काढून घेऊ नका.

मुलुंडच्या त्या नवरानवरीचं पुढे काय झालं, असं ज्यांना ही गोष्ट खरी सांगितली त्या प्रत्येकीने मला विचारलं आहे. शिकलेल्या मुलींनीसुद्धा. मला माहीत नाही. सुखात असतील, नसतील. मी त्यांना बघितलंदेखील नाही. माझ्याकडे त्यांच्या डोक्यावरचं कापड होतं, ते मी नीट शिवलं. केसांत भुसा पडला अशी तक्रार आली नाही.